पाय न टेकलेली झाडं

बेलापूर,
१८ जून १९७२

चि. सौ. मुक्ता हिस,

सवयीनं सौ. लिहून गेले. खोडणार होते, पण खोडलेलं जास्त दिसतं म्हणून राहू दिलं.

तू माहेरी शेंडीला पोचल्याचं दोन ओळींचं कार्ड तुझ्या भावानं टाकलं, त्यानंतर तुमच्याकडून अक्षर नाही. मी रागावले नाही असं लिहिलं तर तू हसशील, म्हणून खरं लिहिते. रागावले होते. नवऱ्याचं तेरावं उरकलं आणि दुसऱ्या दिवशी पेटी उचलून माहेरच्या एस.टी.त बसणारी भावजय मी तरी दुसरी बघितलेली नाही. असो. तो राग आता निम्मा उरलाय. बाकीच्या निम्म्याला दुसरी कामं लागली.

पत्राचं कारण असं की मधल्या खोलीतली विजेची एक नळी गेली. माझ्या गोरखनं आणलेली जास्तीची नळी तू कुठं ठेवलीस? माळ्यावर बघितलं, पेटीमागं बघितलं. तुझ्या हातानं ठेवलेली वस्तू मला आजवर सापडली आहे का?

त्याच्या त्या खोलीतल्या बागेला तू आणि मी मिळून किती हसलो होतो. कालव्याच्या पाण्यानं अंगणात खाराचं पांढरं फुटलं, मेथीसुद्धा धरेना, तेव्हा गोरख म्हणाला, "आक्का, मातीनं आपल्याला सोडलं. आता आपन तिला सोडून बगू." कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासणारा माणूस, कुठलं तरी पुस्तक वाचून आला आणि घरात पत्र्याचे हौद आले. हौदात विटांचे तुकडे, तुकड्यांत बेलवांग्यांची (तो टोमॅटो म्हणायचा) रोपं, डोक्यावर नळ्यांचा उजेड, खाली बादली. सकाळी खारांचं पाणी वरून ओतायचं, ते मुळांतून गळून खाली येऊ द्यायचं, संध्याकाळी पुन्हा तेच. गावानं त्याला हवेतला शेतकरी म्हटलं. तू त्याला विचारलं होतंस, आमाला बी असंच विटांत लावनार का. आठवतं?

आता ते सगळं माझ्या गळ्यात आहे. खारांसाठी सोरा दारूकामवाल्याकडून आणायचा, हिराकस रंगाऱ्याकडून, आणि ते जुलाबाचं मीठ दवाखान्यातून. कंपाउंडर दर आठवड्याला विचारतो, "बाई, घरात पोट कुनाचं बिगडलंय?" मी म्हणते, बेलवांग्यांचं. तो बिचारा तेवढंही लिहून घेतो.

तू म्हणशील, मग सोडून द्या की वन्सं. कसं सोडू? तू होतीस की घाटावर दहाव्याला. पिंड मांडला आणि कावळा शिवेना. वरच्या अंगाला दुसऱ्या कुणाचं तरी दहावं चाललं होतं, कावळे तिकडून उडून आपल्याकडच्या बाभळीवर बसायचे, खाली बघायचे आणि गप्प. आपले चुलतभाऊ काकासाहेब पुढं झाले, म्हणाले, मुक्ताला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. मग तू पदर सावरून पुढं आलीस आणि म्हणालीस, "वन्संना सोडून मी कुटं जानार न्हाई." तरी नाही. ऊन चढलं, भटजी दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "गोरख, तुझी झाडं मी जगवीन." आणि कावळा आला. भाताचा घास घेऊन गेला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तुझ्याकडं बघितलं, तू नदीकडं बघत होतीस. तेव्हाच मला कळायला हवं होतं की तुझी पेटी भरली गेली. ज्याच्या शब्दाला कावळा शिवला तो बांधला गेला, आणि ज्याच्या नाही तो सुटला, असंच तू धरलंस ना?

आणखी एक लिहायचं होतं, पण तू मला वेडी म्हणशील. सकाळी मी ओतायला खोलीत जाते तेव्हा खालच्या बादलीत थेंब पडत असतात. मी अजून ओतलेलं नसतं.

उत्तर दे, नाहीतर नको देऊ. नळीचं मात्र कळव.

मालन

बेलापूर,
२ सप्टेंबर १९७२

चि. मुक्ता,

नळी मी विकत आणली. चार झंपर शिवले की एक नळी येते, असा आता माझा हिशेब आहे. मशीन सारखं चालू असतं. बायका म्हणतात मालनबाईला या वयात पैशाचा लोभ सुटला. त्यांना काय सांगू, माझ्या घरात एक जण आहे त्याला अंधार चालत नाही.

पाऊस नाही. तुमच्याकडं तरी डोंगरात पडला असेल. प्रवरा तुझ्या दारातून निघते आणि माझ्या दारावरून जाते, म्हणून मी नदीकडं बघितलं की मला तुझा राग येतो. यंदा धरणच भरलं नाही म्हणतात. कालव्याची पाळी लांबली. आपली विहीर तशीही खारी, ते पाणी झाडांना घातलं तर पानं कडेनं करपतात, म्हणून गोड पाणी पाटलांच्या विहिरीवरून आणावं लागतं. तिथं आता घागरींची रांग असते. रांगेत मी उभी राहिले की बायका आधी माझ्या घागरीकडं बघतात, मग माझ्याकडं.

पाणी आणणं एकवेळ जमतं. टाकणं जमत नाही. आठवड्यानं जुनं पाणी फेकून नवं करावं लागतं, नाहीतर मुळं कुजतात. हे तुला माहीत आहे. शेजारच्या बनुबाईला नाही. परवा मी हौद मोकळा करत होते, ती दारात आली. तिची शेळी मागं, जीभ बाहेर काढलेली.

"मालन, टाकू नगं. माज्या शेळीला दे."

"हे चालायचं नाही बनुबाई. ह्यात सोरा आहे. जनावर आडवं होईल."

"पानी बी विखाचं, आन् त्येच्यावर तुजी झाडं जगत्यात व्हय?"

तिच्या देखत ते पाणी अंगणातल्या पांढऱ्या मातीवर ओतलं. शेळी ओल चाटायला धावली, तिला मी काठी मारली. तेव्हापासून बनुबाई माझ्याशी बोलत नाही. तुझ्या लग्नात तुला हळद लावणारी बाई. तिला वाटतं, मी पाणी मातीत घातलं पण तिच्या शेळीला दिलं नाही. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

काकासाहेब म्हणतात, तू स्वतः जा आणि मुक्ताला घेऊन ये, कागदानं माणसं येत नसतात. बरोबर आहे त्यांचं. पण संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडीला यायचं म्हणजे जाऊन येऊन दोन दिवस. दोन दिवस इथं ओतणार कोण? मातीला माया असते, ती दोन दिवस ओल धरून ठेवते. विटा धरत नाहीत. एक पाळी चुकली की पानं मान टाकतात. मावशीच्या नातीचं लग्न राहात्याला होतं, तिथंही गेले नाही. मावशीनं निरोप धाडला, "भाऊ गेला तवा सुतक धरलं, त्ये अजून फिटंना का?"

म्हणून कागदावर बोलावते. ये. भांडायला का होईना, ये.

मालन

बेलापूर,
१० नोव्हेंबर १९७२

चि. मुक्ता,

हे पत्र तू जाळून टाक. मी शहाणी बाई म्हणून गावात थोडीफार ओळखली जाते, तेवढं राहू दे.

गोरख खोलीत आहे.

दिसत नाही. दिसला असता तर मी तुला लिहिलंच नसतं, सरळ राहुरीच्या देवऋष्याकडं गेले असते. नळीचा चोक गुणगुणतो ना, त्या गुणगुणण्याला आता चाल आली आहे. रस तपासून घरी यायचा तेव्हा सायकल टेकवताना तो जी शीळ घालायचा, तीच. मी पाणी ओतायला बादली उचलते आणि कानाजवळ ऐकू येतं, "हळू, आक्का. मुळं उगडी पडतील." मी हळू ओतते. पहिल्यांदा भ्याले. आता ओतताना ते ऐकू आलं नाही तर भीती वाटते.

बनुबाईनं दोन महिन्यांचा अबोला मोडला तो एवढंच विचारायला, "मालन, तुज्या त्या खोलीत कोन बोलतंय गं?" मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, "तुजा आवाज मी वळखते." आणि गेली.

बेलवांगी भरपूर येतात. लालभडक, गुळगुळीत, बाजारात मांडावीत अशी. चव नाही. मी पहिल्यांदा चटणी केली तेव्हा वाटलं माझंच तोंड आजारी आहे. गावात कुणी फुकट घेत नाही. या वर्षी लोक रानातल्या तरवट्याची भाजी खातात, पण माझं बेलवांगं हातात धरत नाहीत. सहादेव पंच मला तोंडावर बोलला, "मानसं सडकंवर खडी फोडायला जात्यात आन् तू खोलीत बसून झाडास्नी बत्ती दाखवती." बत्तीचं खोटं नाही. आता लाइट दिवसदिवस नसते, म्हणून आपली लग्नातली गॅसबत्ती मी हौदावर टांगते. रॉकेलच्या रांगेत उभी राहते ती बेलवांग्यांसाठी. माझ्या जेवणाला एक चिमणी पुरते.

नवरात्रात घट बसवले तेव्हा शेतातली माती कुठून आणू म्हणून काकासाहेबांकडून पाटीभर मागवली. घट मधल्या खोलीतच बसवला, तिथं उजेड असतो म्हणून. नवव्या दिवशी बघते तर मातीतलं धान पिवळंफटक पण ताठ, पाय रोवून उभं. आणि शेजारी ही माझी हिरवीगार झाडं, सुतळीनं छताला बांधलेली. सुतळी सोडली तर झोपतील. त्यांना खाली काही नाहीच. हौदाच्या बुडाच्या भोकातून मुळं बाहेर आलीत, पांढरी, लांब. म्हाताऱ्या माणसाच्या केसांसारखी ती हवेत लोंबतात आणि जमिनीपासून वीतभर वर थांबतात. भुताचे पाय भुईला टेकत नाहीत, असं आपल्याकडं म्हणतात. मी तिथून घट उचलला आणि देवघरात नेला.

मुक्ता, त्याला गती मिळाली नाही का? कावळा तर शिवला होता. मग तो इथं काय करतो? मी शब्द पाळते आहे. सकाळ-संध्याकाळ पाळते आहे. अजून त्याला काय हवं आहे ते मला कळत नाही, आणि तुझ्याशिवाय विचारायला मला कुणी नाही.

मालन

बेलापूर,
२३ जानेवारी १९७३

मुक्ता,

तुझं पत्र आलं. आल्यापासून तीनदा चुलीत घालायला घेतलं.

तू लिहितेस, "वन्सं, त्या दिवशी तुम्ही झाडांचं बोललात तेव्हाच मीही पदरात तोंड घालून त्यांच्याशी बोलले होते. कुणाला ऐकू जाईल असं नाही. जावा तुमी, मी न्हाई अडवत, एवढंच. कावळा तुमच्या बोलण्यानं आला का माझ्या, ते त्याचं त्याला ठाऊक. पण सगळे तुमच्याकडं बघत होते. मला वाटलं, सात वर्षं संसार केला त्या माणसाचा जीव शेवटी बेलवांग्यात निघाला. म्हणून आले निघून. आता तुमची पत्रं वाचून वेगळं वाटतं. मी जावा म्हटलं आणि तुम्ही थांबवून धरलंत. झाडं मातीला लावा, वन्सं. पाय टेकू द्या त्यांना."

वा. मोठी शहाणी झालीस डोंगरात बसून.

मी थांबवून धरलं? त्याच्यासाठी मी माणसं तोडली, शेळीला काठी मारली, रांगांत शिव्या खाल्ल्या, आणि तू तिकडं झऱ्याचं पाणी पिऊन मला सांगतेस की मी थांबवून धरलं. मातीला लावा म्हणे. कुठल्या मातीला? अंगणातल्या? तिथं कुसळ उगवत नाही. बाहेर? त्या झाडांनी जन्मात ऊन बघितलेलं नाही, एका दुपारीत वाळतील. म्हणजे शब्द मी मोडायचा आणि पाप माझ्या डोक्यावर घ्यायचं. तुझं काय जातं, तुझ्या शब्दाला कावळा शिवलाच नव्हता.

वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे. यायचं तर ये, नाहीतर तिथंच बसून जावा जावा म्हण.

मालन

बेलापूर,
२० फेब्रुवारी १९७३

चि. मुक्ता,

मागचं पत्र रागात टाकलं. ते पोचायच्या आत परत घेता आलं असतं तर घेतलं असतं. टपाल एवढं वेळेवर कसं जातं कोण जाणे.

श्राद्ध काल झालं. तू आली नाहीस ते बरं झालं. आली असतीस तर मी केलं ते मला करता आलं नसतं. तुझ्यासमोर हरायला मला लाज वाटली असती.

झालं असं. आठवडाभर लाइट नव्हती आणि रॉकेलही संपलं. परवा सकाळी अंधाऱ्या खोलीत बादली उचलली. नळ्या बंद, म्हणून गुणगुणही नाही. ओतत होते आणि ऐकू आलं, अगदी कामावरून आल्यावर बोलायचा तसं, "उभं राहून पाय दुखायलेत, आक्का." तुला आठवत असेल, प्रयोगशाळेत दिवसभर उभा राहून यायचा आणि उंबऱ्यातूनच म्हणायचा, पाय टेकायला पाट दे. मी पाट द्यायचे, तू पाणी द्यायचीस. मी बादली खाली ठेवली. कदाचित तुझ्या पत्रातलंच वाक्य माझ्या कानात घुसलं असेल आणि तेच फिरून बाहेर आलं असेल. मला फरक कळत नाही आणि आता कळून घ्यायचाही नाही. वर्षभर एका माणसाला मी उभं ठेवलं होतं, एवढं मला त्या अंधारात कळलं. कारण तो बसला तर जाईल. आणि तो जायला मला नको होता.

हे खरं आहे, मुक्ता. पाणी, नळ्या, सोरा, लोकांची बोलणी, हे सगळं मी भुर्दंड म्हणून तुला लिहिलं. भुर्दंड कसला? त्या बदल्यात मला सकाळ-संध्याकाळ आक्का म्हणणारं कुणी तरी मिळत होतं. ते मी कुठल्याही किमतीला घेतलं असतं.

काल घाटावर जाताना सुतळ्या कापल्या आणि सगळी झाडं घमेल्यात घेतली. काकासाहेब माझं तोंड बघून पुढं चालू लागले. नदीत पाणी कुठंय? मधोमध एक डबकं, कडेला गाळ. त्या गाळात लोकांनी काकडीची आळी केलीत. कधी नव्हे ती बनुबाई तिथं होती, खुरपं घेऊन. माझ्या घमेल्याकडं बघितलं आणि विचारलं, "आता ह्ये काय?"

"मातीला लावते."

"मरत्याल की."

"मरू देत. पाय तरी टेकतील."

तिनं खुरपं माझ्याकडं दिलं, मग काढून घेतलं आणि स्वतःच खड्डे करू लागली. मी एकेक झाड ठेवत गेले. ती पांढरी मुळं गाळात शिरताना मला बघवलं नाही, तरी बघितलं. शेजारी काकासाहेबांनी पिंड ठेवला होता. या खेपेला मी ठरवूनच गप्प बसले. घाटावर कुणी काही कबूल केलं नाही, कुणी काही वचन दिलं नाही.

आणि कावळा आला, मुक्ता. पहिल्या मिनिटाला. पिंडाकडं गेला नाही, सरळ माझ्या खांद्याजवळून येऊन नुकत्याच लावलेल्या झाडावर बसला. झाड वाकलं. त्यानं एक लाल बेलवांगं चोचीत धरून ओढलं, तोडलं आणि घेऊन गेला. मग बाकीचे आले. भात, बेलवांगी, सगळं गेलं. बनुबाई म्हणाली, "उपाशी असत्याल बिचारी. दुस्काळ त्येन्ला बी हाय." आणि मला आठवलं की गेल्या वर्षी वरच्या अंगाला ते दुसरं दहावं चाललं होतं, जिलबीच्या पंगतीचं. कावळे पोट भरून आले होते. आपण तिघं मात्र उन्हात उभे राहून एकेक शब्द देत होतो.

मी तिथंच गाळात बसून हसले. मग रडले. बनुबाईनं पाठीवर हात ठेवला, तो हात कित्येक महिन्यांनी.

घरी आले तर मधली खोली नुसती खोली होती. ओले हौद, विटा, कापलेल्या सुतळ्या. मी दोनदा हाक मारली. कुणी ओ दिली नाही. हे मला फार जड गेलं, तुला खोटं कशाला लिहू. संध्याकाळी ओतायची वेळ झाली तेव्हा हात आपोआप बादलीकडं गेले, आणि मग ते पाणी मी बनुबाईच्या शेळीला नेऊन पाजलं. नुसतं, गोड पाणी.

आज सकाळी नदीवर जाऊन बघितलं. बाकीची झाडं वाळली. एक उभं आहे, बनुबाईनं त्याच्यावर पळसाच्या डहाळीची सावली केली होती ते. ते मी मातीसकट डालड्याच्या डब्यात काढून घेतलंय.

आता माझं ऐक. कावळा नुसता पोटाकडं बघून येत असेल, तर त्या दिवशीचा कुठलाच शब्द ना खरा ठरला ना खोटा. मग माझा सुटला, पण तुझा अजून घाटावर पडलेला आहे. वन्संना सोडून कुठं जाणार नाही म्हणाली होतीस. कावळ्यानं तो उचलला नाही. मी उचलला.

गुरुवारच्या गाडीनं येते. डबा मांडीवर घेऊन बसेन, कंडक्टरनं वेगळं तिकीट मागितलं तर भांडेन. ऊन कमी लागेल अशी जागा बघ, घराच्या पाठीमागं, तुमच्या त्या लाल मातीत. मी पोचायच्या आत खड्डा काढून ठेव.

तुझी,
वन्सं